तराजूचा पासंग

आमच्या लहानपणीं गांवच्या सोनाराच्या पेढीवर आईचें बोट धरून जाण्याचा प्रसंग आम्हांस अनेकदां आला. सोन्याची खरेदी क्वचितच होई. बहुधा मोडलेली नथ सांधून घेणें किंवा आजीच्या पाटल्या तोलून पाहणें एवढेंच काम असे. परंतु काम कितीही क्षुल्लक असो, तो वृद्ध सोनार तराजू हातीं घेतला म्हणजे त्यांत कांहीं टाकण्यापूर्वीं दोन्ही रिकामीं पारडीं आईस दाखवी. कांटा मध्यावर स्थिर झाल्याखेरीज तो गुंज पारड्यांत टाकीत नसे. एखादें पारडें केसभर उचललेलें दिसलें तर त्याच्या दोरीस तो मेणाचा बारीक कण चिकटवी आणि म्हणे, "बाई, पासंग काढल्याशिवाय तोललें तर तें वजन सोन्याचें होत नाहीं, तराजूचें होतें."

हें वाक्य आम्हांस पन्नाशी उलटल्यावर, एटापल्लीच्या अरण्यांत, भर श्रावणांत पुन्हां आठवलें. आणि ज्याच्यामुळें तें आठवलें तो आमचाच एक जुना विद्यार्थी होता. शिष्यानें जिंकावें यांत गुरूचा गौरव असतो असें म्हणतात. तें खरेंच असेल. पण तो गौरव पचण्यास आम्हांस दोन दिवस लागले हें कबूल केलेलें बरें.

प्रकरण आहे वायरलेसच्या अँटेनाचें. वाचकांपैकीं पुष्कळांचा या विषयाशीं संबंध आला नसेल, म्हणून प्रथम चार शब्द त्याविषयीं सांगतों. वायरलेसच्या यंत्रांतून निघालेली विद्युत्शक्ति केबलमधून अँटेनापर्यंत जाते. केबलचा आणि अँटेनाचा मेळ बरोबर बसला असेल तर ती शक्ति आकाशांत पसरते. मेळ बसला नसेल तर तिचा कांहीं अंश दारांतूनच माघारीं फिरतो. विहिरीच्या कांठावरून हांक मारली कीं जसा प्रतिध्वनि परत येतो तसाच हा प्रकार. परत आलेला अंश गेलेल्या शक्तीच्या मानानें किती लहान आहे हें ज्या अंकानें सांगतात त्याला रिटर्न लॉस असें नांव आहे, आणि तो अंक डेसिबलांत देतात. रिटर्न लॉस १० डेसिबल म्हणजे दहावा भाग परत आला, २० म्हणजे शंभरावा, ३० म्हणजे हजारावा. नांवांत 'लॉस' असला तरी हा तोटा जितका मोठा तितकें काम चांगलें. आमच्या वर्गांत दरवर्षीं एक तरी विद्यार्थी येथें अडखळतो, आणि 'परत न येणें हाच जेथें नफा आहे असा हा व्यवहार आहे', असें सांगून आम्ही त्यास पुढें ढकलतों. मुलीचें लग्न झालेल्या गृहस्थांस तरी हें तत्त्व अवघड वाटूं नये.

हा अंक सांगावयास सोपा, पण मोजावयास मोठा नाठाळ. कारण उघड आहे. आपण मोजतों ती शक्ति मुळांतच इवलीशी असते. हजार भाग गेले आणि एक भाग परत आला, त्या एका भागाचा हिशेब करावयाचा असतो. अशा वेळीं मोजणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या अंगांत, त्याच्या केबलींत, सांध्यांत जे लहानसहान प्रतिध्वनि उठतात ते त्या एका भागांत येऊन मिसळतात, आणि कोणता प्रतिध्वनि कोणाचा हें ओळखतां येईनासें होतें. हाच तो सोनाराचा पासंग.

आतां मूळ गोष्टीकडे वळतों. आमचा हा विद्यार्थी माडिया गोंड समाजांतला. त्याच्या घराण्यांत महाविद्यालयाची पायरी चढलेला तो पहिलाच. पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाल्यावर शहरांत न राहतां तो आपल्या मुलखांत परतला आणि एटापल्ली तालुक्यांतील एका आश्रमशाळेंत विज्ञान शिकवूं लागला. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला, त्याला आतां चार दशकें होऊन गेलीं. एटापल्ली गांवांत दुकानें, कचेऱ्या, मोबाईल सर्व कांहीं आलें आहे. परंतु गांव सोडून आंत शिरलें कीं मोबाईलचा आवाज झाडींत विरतो, आणि पावसाळ्यांत नाले भरले म्हणजे कित्येक टोले आपापल्या जागीं बेटें होऊन बसतात. अशा दिवसांत कोणा बाईला कळा लागल्या तर तिला खाटेवर घालून, खाटेची कावड करून, चौघे जण नाल्यापर्यंत आणतात. आणि नाल्याला उतार आहे कीं नाहीं हें नाला डोळ्यांनीं पाहिल्यावरच कळतें.

हें 'पाहिल्यावरच कळतें' त्या मुलाच्या मनाला टोंचत असे. त्यानें युक्ति काढली ती अशी. उताराच्या जागीं पाण्याची उंची मोजणारें एक लहान यंत्र बसवावयाचें. त्यानें दर अर्ध्या तासानें वायरलेसवरून एक आंकडा पाठवावयाचा. तो आंकडा शाळेंत आणि आरोग्य उपकेंद्रांत उमटावयाचा. आपल्या देशांत ८६५ मेगाहर्ट्झच्या वरचा एक लहानसा पट्टा अशा अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्यावांचून वापरतां येतो. त्या लहरीची लांबी सुमारें ३५ सेंटिमीटर. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरांची तांब्याची तार उभी आणि तशाच चार तारा खालीं पसरलेल्या, एवढ्यावर चांगली अँटेना होते. त्यानें शाळेंतील मुलांना हाताशीं घेऊन तशा चार अँटेना तयार केल्या आणि मे महिन्यांत त्या कापडांत गुंडाळून आमच्या प्रयोगशाळेंत आणल्या. बरोबर बाजारांत मिळणारी, काळ्या नळींत बंद केलेली, दहा मीटर बारीक केबल जोडलेली एक अँटेनाही तुलनेसाठीं आणली होती.

त्या दिवशीं आम्ही घाईंत होतों. परीक्षेच्या उत्तरपत्रिका टेबलावर होत्या. यंत्राचें कॅलिब्रेशन सकाळीं कोणीतरी केलेलें होतें, तेंच चालेल असें आम्हीं म्हटलें. बाजारी अँटेनाच्या केबलचें तोंड यंत्रास थेट बसलें. तिचा रिटर्न लॉस २२ डेसिबल निघाला. मुलाच्या अँटेनाचें तोंड निराळ्या जातीचें, म्हणून खणांतून एक जुना ॲडॉप्टर काढला, त्यापुढें एक मीटर केबल लावली, आणि तिच्या टोंकाला त्याची अँटेना जोडून लोखंडी कपाटाशेजारीं टेबलावर उभी केली. आंकडा आला ९. म्हणजे शक्तीचा आठवा हिस्सा दारांतूनच परत! आलेखावर दर १०० मेगाहर्ट्झांच्या अंतरानें एक लाट वरखालीं होत होती. मुलानें तिच्याकडे बोट दाखवून विचारलें, "सर, ही लाट कशाची?" आम्हीं उत्तर दिलें, "तिकडे लक्ष देऊं नकोस." आणि त्याच्या वहींत आमच्या हस्ताक्षरांत लिहून दिलें, 'घरीं केलेली अँटेना निकृष्ट. वापरूं नये. बाजारची उत्तम.'

तो कांहीं बोलला नाहीं. आपल्या पगारांतून पैसे घालून त्यानें बाजारच्या आणखी अँटेना घेतल्या, शाळेंतील मुलांनीं केलेल्या कपाटांत ठेवून दिल्या, आणि मे अखेरीस यंत्रें बसविलीं. तीं चाललींही. मग पाऊस सुरू झाला आणि तीं मुकीं झालीं.

याचें कारण समजण्यास त्या वनाचा स्वभाव ठाऊक पाहिजे. साग उन्हाळ्यांत निष्पर्ण असतो. मे महिन्यांत त्या रानांतून दृष्टीलाही वाट मिळते आणि लहरीलाही. पावसाळा लागला कीं तोच साग हत्तीच्या कानाएवढीं पानें धरतो, तीं रात्रंदिवस ओलीं असतात, आणि असें प्रत्येक पान या लहरींतून थोडाथोडा कर वसूल करतें. मे महिन्यांत जेमतेम पोंचणारा आवाज जुलैंत वाटेंतच मरतो. आषाढांतील एका रात्रीं दोन टोल्यांतून दोघी बायांस खाटेवरून त्याच नाल्याशीं आणलें, आणि नाला भरलेला पाहून सर्वांनीं पळसाच्या पानांच्या आडोशाला रात्र काढली. आंकडा आला असता तर तीं माणसें संध्याकाळींच दुसऱ्या, लांबच्या वाटेनें निघालीं असतीं. सकाळीं पाणी ओसरलें आणि दोघीही सुखरूप पोंचल्या. पण हें त्या मुलानें कळविलें तेव्हां आमच्यानें घरीं बसवेना.

आलापल्लीच्या जुन्या सागवनांतून जाणारा रस्ता ज्यानें पावसाळ्यांत पाहिला असेल त्यास त्याचें वर्णन नको. ज्यानें पाहिला नसेल त्यास वर्णनानें कळणार नाहीं. एटापल्लीस उतरलों तेव्हां मोटारीच्या थांब्यावर तो छत्री घेऊन उभा होता. "जोहार, सर," म्हणाला आणि आमची पिशवी त्यानें काढून घेतली. त्याच्या बोलण्यांत तक्रारीचा लवलेश नव्हता. तो असता तर आम्हांस पुढचें काम सोपें गेलें असतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळेच्या आवारांतील खांबाखालीं आम्ही उभे राहिलों. हल्लीं रिटर्न लॉस मोजणारें यंत्र तळहातावर मावतें. तसलें एक त्यानें मागविलेलें होतें. खांबाच्या वर बाजारची अँटेना, तेथून दहा मीटर केबल खालीं आलेली. आम्हीं खालच्या टोंकाला मोजलें, आंकडा २२. आम्ही विजयी मुद्रेनें म्हणालों, "पाहा, अँटेना निर्दोष आहे. दोष दुसरीकडे शोध."

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "सर, एक विचारूं का? रागावूं नका. वरची अँटेना काढून टाकली आणि मग मोजलें, तर काय यावें?"

"काय यावें? टोंक उघडें असलें तर सगळी शक्ति परत यावी. शून्य डेसिबल."

त्यानें एका मुलाला माडिया भाषेंत कांहीं सांगितलें. तो पोर खारीसारखा खांबावर चढला आणि त्यानें अँटेना काढून हातांत धरली. आतां केबलच्या वरच्या टोंकाला कांहींच नव्हतें. यंत्राचा आंकडा शून्यावर आला नाहीं. तो १० वर थांबला.

आम्हीं चष्मा पुसला. आंकडा १० च होता. वर अँटेना नाहीं, आणि खालीं यंत्र सांगतें आहे कीं नऊ दशांश शक्ति सुखानें पुढें गेली! ती गेली कोठें? आकाशांत तर निश्चित नाहीं. ती केबलांतच जिरली होती. बारीक केबल या लहरीच्या शक्तीचा दर मीटरला सुमारें अर्धा डेसिबल खाते. दहा मीटरांत जातांना ५ आणि परत येतांना ५. म्हणून उघड्या टोंकाचा पूर्ण प्रतिध्वनिही खालीं येईतों १० डेसिबलांनीं दुबळा होतो, आणि वाईट अँटेना त्याच १० डेसिबलांच्या दानावर चांगली म्हणून मिरवते. बाजारच्या अँटेनाचे २२ म्हणजे वास्तविक १२ च होते. कुंपणानेंच शेत खाल्लें होतें आणि आम्ही रिकामें शेत पाहून 'चोरी कोठेंच नाहीं' असा शेरा देत होतों. शिवाय ५ डेसिबल म्हणजे यंत्रांतून निघालेल्या शक्तीचा दोनतृतीयांशांहून अधिक भाग केबल तापविण्यांत खर्च. हीच केबल दोन्ही टोंकांस; दोन्ही मिळून १०. नाल्यावरून जेवढें निघे त्याचा दहावा हिस्साच कामाला येई, आणि त्या दहाव्या हिश्शावर सागाचीं पानें टपलेलीं.

विज्ञानाच्या इतिहासांत आमच्याहून थोर माणसेंही परतलेल्या लहरीनें फसलीं आहेत, हें आम्हीं त्या दुपारीं स्वतःच्या समाधानासाठीं आठवून पाहिलें. १८८८ सालीं कार्लस्रूहे येथें हाइनरिख हर्ट्झ यांनीं भिंतीवर जस्ताचा पत्रा लावून वीजलहरी परत फिरविल्या आणि जाणाऱ्या व येणाऱ्या लहरींच्या मिश्रणांतून त्यांची लांबी मोजली. वायरलेसचा सारा वंशविस्तार त्या एका खोलींतून झाला. पण त्याच खोलींत त्यांच्या मोजमापावरून असेंही निघालें कीं तारेवरून जाणारी लहर हवेंतील लहरीहून मंद धांवते. हा निष्कर्ष चुकीचा होता. पुढें जिनीव्हा येथें सारासें व द ला रीव यांनीं १८९३ च्या सुमारास मोठ्या दालनांत तोच प्रयोग केला तेव्हां दोन्ही गति सारख्या निघाल्या. लहान खोलीच्या भिंतींनीं आपले प्रतिध्वनि हर्ट्झ यांच्या आंकड्यांत मिसळून दिले होते. मात्र हर्ट्झ यांस दुसऱ्या कोणाची वही खराब करण्याचा प्रसंग आला नव्हता. तेवढ्या बाबतींत आमची बरोबरी त्यांच्याशीं होत नाहीं.

संध्याकाळीं कंदिलाच्या नव्हे, सौर दिव्याच्या उजेडांत आम्हीं पाटी घेतली आणि जें वर्गांत वीस वर्षें शिकविलें तें स्वतःस पुन्हां शिकविलें. अशा यंत्रांत मुख्य दोष तीन. पहिला पासंगाचा: जाणारी आणि येणारी लहर वेगळी करणारा जो भाग असतो तो पूर्ण प्रामाणिक नसतो, पुढें कांहीं नसतांही थोडें 'परत आलें' असें सांगतो. याला डायरेक्टिव्हिटी म्हणतात. दुसरा, परत आलेली लहर यंत्राच्या तोंडावर आदळून पुन्हां पुढें जाते आणि पुन्हां परत येते. तिसरा, मापाचे आंकडेच सर्वत्र सारखे नसतात. कोठें शेर पावशेरानें कमी, कोठें अधिक. पहिल्या दोषाचा हिशेब असा आहे: खरा रिटर्न लॉस ३० असेल आणि यंत्राची डायरेक्टिव्हिटी ४०, तर ती लहान चूक खऱ्या प्रतिध्वनींत कधीं मिळते, कधीं वजा होते, आणि आंकडा २७.६ पासून ३३.३ पर्यंत कोठेंही येऊं शकतो. एका डेसिबलाच्या आंत खरें बोलावयाचें असेल तर यंत्राचा प्रामाणिकपणा मोजावयाच्या वस्तूहून निदान २० डेसिबलांनीं सरस पाहिजे. दुसऱ्यास तोलणाऱ्यानें दसपट निर्मळ असावें हा नियम केवळ नीतिशास्त्राचाच नाहीं.

हे तीन दोष काढण्यास तीन ज्ञात वस्तु लागतात: एक उघडें टोंक, एक पूर्ण बंद केलेलें टोंक, आणि एक पन्नास ओहमचा लोड, जो येईल तें सर्व गिळतो आणि कांहीं परत करीत नाहीं. त्या तिघांना पाळीपाळीनें लावून यंत्रास विचारावयाचें, 'तुला काय दिसतें?' त्यांचें खरें उत्तर आपणांस ठाऊक असतें. यंत्राचें उत्तर आणि खरें उत्तर यांतील फरक म्हणजे यंत्राचा दोष. तीन प्रश्न, तीन उत्तरें, तीन अज्ञात राशि. पुढें सर्व गणित. परंतु यांतही खुब्या आहेत. उघडें टोंक अगदीं उघडें नसतें. त्याच्या कडेला विद्युत्क्षेत्र थोडें बाहेर सांडतें, तें हिशेबांत धरावें लागतें. आणि लोड जितका चांगला तितकाच पासंग निघतो. कॅलिब्रेशन झाल्यावर तोच लोड पुन्हां लावून '५० डेसिबल आले, यंत्र उत्तम आहे' असें समाधान मानणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत आरशांतील स्वतःच्या चेहऱ्याला साक्षीदार करण्यापलीकडे कांहीं नाहीं. परीक्षा घ्यावयाची तर जो कॅलिब्रेशनांत नव्हता असा तिऱ्हाईत लोड लावून घ्यावी.

आणि सर्वांत मोठी गोष्ट, हें सर्व कोठें करावयाचें? यंत्राच्या तोंडाशीं नव्हे. केबल, ॲडॉप्टर, जें कांहीं मध्यें लावावयाचें तें सर्व लावून, जेथें शेवटीं अँटेना जोडावयाची त्या टोंकाशीं. आम्हीं मे महिन्यांत सकाळच्या कॅलिब्रेशनानंतर ॲडॉप्टर घुसडला होता. त्याची झिजलेली मधली सुई हा एक प्रतिध्वनि, एक मीटर पलीकडची अँटेना हा दुसरा. दोघांची जुगलबंदी म्हणजे ती लाट. अशा केबलींत लहर प्रकाशाच्या दोनतृतीयांश वेगानें जाते. एक मीटर जाऊन येण्याचा हिशेब केला तर लाटेचें अंतर नेमकें १०० मेगाहर्ट्झ येतें. म्हणजे त्या लाटेंत ॲडॉप्टरनें आपला गुन्हा आणि आपला पत्ता दोन्ही लिहून दिले होते. मुलानें तें अक्षर दाखविलें होतें. 'तिकडे लक्ष देऊं नकोस' असें आम्हीं म्हटलें होतें.

दुसऱ्या दिवशीं उघडीप मिळाली. कपाटांतून मुलांच्या अँटेना काढल्या. यंत्र अर्धा तास चालूं ठेवून त्याचें अंग स्थिर होऊं दिलें. सर्व कनेक्टरांचीं तोंडें स्पिरिटच्या फडक्यानें पुसलीं. एका तोंडांत तांब्याचा केसाएवढा चुरा निघाला. जोडतांना अँटेना फिरवावयाची नाहीं, फक्त तिची चाकी फिरवावयाची, म्हणजे मधली सुई झिजत नाहीं. आणि दर वेळीं सारख्याच जोरानें आंवळावयाची. केबल बांबूला बांधून टाकली, कारण कॅलिब्रेशननंतर ती वांकविली कीं आंकडा हलतो. मग केबलच्या टोंकाशीं तिन्ही वस्तु लावून कॅलिब्रेशन केलें, चौथा तिऱ्हाईत लोड लावून तें तपासलें, आणि अँटेना बांबूच्या टोंकावर, भिंतीपासून, पत्र्यापासून आणि आमच्या स्वतःच्या देहापासून दूर उभी केली. आम्ही दोन पावलें पुढें गेलों कीं आंकडा घसरे, मागें सरलों कीं स्थिर होई. माणसानें मधून बाजूला झालें म्हणजे वस्तूचें खरें रूप दिसतें हें इतक्या उघडपणें आम्हीं पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें.

आंकडा आला १९. अँटेना काढली, पुन्हां लावली, साडेअठरा. पुन्हां, १९. म्हणजे शक्तीचा सुमारें ऐंशीवा हिस्साच परत येत होता. ज्या अँटेनाला आम्हीं निकृष्ट म्हटलें ती बाजारच्या अँटेनाहून पांचपट कमी शक्ति परत करीत होती. शाळेंतील मुलें भोंवतालीं उभीं होतीं, त्यांनीं डेसिबल म्हणजे काय हें विचारलें नाहीं, फक्त "आपली चांगली कां?" एवढेंच विचारलें. आमच्या विद्यार्थ्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही म्हणालों, "तुमची चांगली."

मग कामास उशीर लागला नाहीं. वायरलेसचें यंत्रच डब्यांत घालून खांबाच्या वर चढविलें, म्हणजे दहा मीटर केबलऐवजीं अर्ध्या हाताचा तुकडा पुरला. नाल्याकांठींही तेंच केलें. संध्याकाळीं दिवेलागणीला शाळेंतल्या पडद्यावर पहिला आंकडा उमटला: पाणी ४२ सेंटिमीटर. अर्ध्या तासानें ४५. पानें ओलीं होतीं, पाऊस पुन्हां सुरू झाला होता, आणि आंकडे येत होते.

पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें जी रेडिओ दुर्बीण आहे ती पाहावयास आम्ही विद्यार्थ्यांस अनेकदां नेलें आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं उभारलेल्या, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या त्या तीस तबकड्या पाहून मुलें थक्क होतात. लोखंडी पत्र्याऐवजीं पोलादाच्या बारीक तारांची जाळी ताणून त्या इतक्या हलक्या आणि स्वस्त केल्या आहेत, हें ऐकून ती आणखी थक्क होतात. आम्ही तेथें नेहमीं सांगतों कीं, आकाशांतील हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झवरची क्षीण रेषा शोधणाऱ्यांस सर्वांत मोठें भय दूरच्या अंतराचें नसतें. आपल्याच केबलींत येरझारा घालणाऱ्या प्रतिध्वनीची लाट आलेखावर उमटते आणि आकाशाची रेषा म्हणून मिरवते, तिचें असतें. हें आम्ही इतक्यांदा सांगितलें आहे कीं आतां तें तोंडपाठ झालें आहे. तोंडपाठ झालेल्या ज्ञानाचा हाच धोका. तें तोंडांत राहतें. हातांत उतरत नाहीं.

निघण्याच्या सकाळीं त्या मुलाची जुनी वही आम्हीं मागून घेतली. आमचा शेरा तेथें तसाच होता. तो खोडून टाकावा असें प्रथम मनांत आलें. पण मग ती वही पाहणाऱ्या मुलांना चूक दिसली नसती. म्हणून त्याखालीं लिहिलें, 'वरील माप चुकीचें. कॅलिब्रेशन केबलच्या टोंकाशीं केलें नव्हतें. ॲडॉप्टर झिजलेला होता. लाट दिसली असतां दुर्लक्ष केलें. फेरमोजणी १९.' आणि तारीख घालून सही केली. त्यानें तें वाचलें, वही मिटली, आणि म्हणाला, "सर, एक विचारूं? माझ्या यंत्राबरोबर जो लोड आला आहे तोच मुळांत कितपत चांगला आहे? तो कशाशीं ताडून पाहावा?"

त्याचें म्हणणें बरोबर होतें. आमचे १९ सुद्धां त्या लोडाच्या शब्दावर उभे होते. आमच्या प्रयोगशाळेंतील चांगला लोड पाठवितों असें आम्हीं वचन दिलें आणि परत आल्यावर तो पाठविला. पाठविण्यापूर्वीं तो स्वतः तपासला, हें सांगावयास आतां संकोच नाहीं.

भाद्रपदांत त्याचा निरोप आला. एका टोल्यांतून एका बाईला घेऊन माणसें निघणार होतीं. उपकेंद्रांतल्या परिचारिकेनें पडद्यावर पाणी चढतांना पाहिलें आणि टोल्याकडे सायकलीवर पोर धाडून त्यांना लांबच्या वाटेनें यावयास सांगितलें. मुलगी झाली. निरोपाच्या शेवटीं त्यानें लिहिलें होतें, 'तुमचा लोड आणि माझा लोड यांत फरक निघाला. आमची अँटेना १९ नाहीं, १८ आहे. वहींत दुरुस्ती केली आहे.'

आम्हीं तो निरोप दोनदां वाचला. त्या वृद्ध सोनाराच्या दुकानीं तराजूच्या दोरीला चिकटविलेला मेणाचा कण डोळ्यांपुढें आला. पासंग एकदां काढला म्हणजे कायमचा निघतो असें त्यानेंही कधीं म्हटलें नव्हतें. तो दर वेळीं पारडीं रिकामीं करून दाखवीत असे.